सबूर

'सबूर' हा शब्द मराठी माणसाला परका वाटत नाही. ऐतिहासिक नाटकात कोणीतरी तलवार उपसतो, हात वर जातो आणि तेवढ्यात विंगेतून आवाज येतो, "सबूर!" हात जागच्या जागी थांबतो. घरातला वडीलधारा माणूस तापट मुलाला "जरा सबुरीने घे" असे सांगतो. शिर्डीला जाणाऱ्या लाखो लोकांच्या तोंडी श्रद्धा आणि सबुरी ही जोडी कायमची बसलेली आहे. हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. त्याचे मूळ घर अरबी. 'सब्र' ह्या अरबी शब्दाच्या धातूचा अर्थ धरून ठेवणे, आवरणे, रोखणे असा आहे. म्हणजे नाटकातला तो विंगेतला आवाज मूळ अर्थाच्या फार जवळचा आहे.

पण ह्याच शब्दाचा आणखी एक उपयोग मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. घरातला एखादा मुलगा महिनोन्‌महिने झोपत नाही, जेवणावरून उठून जातो, एके दिवशी धीर करून म्हणतो की मला जगण्यात अर्थ वाटत नाही. त्यावर घरातले कोणीतरी म्हणते, "सब्र कर. ही अल्लाहची परीक्षा आहे. तुझे ईमान कच्चे पडले आहे." हिंदू घरात शब्द बदलतात, तेथे भोग येतात, प्रारब्ध येते, "आम्ही काय कमी सोसले का?" हा प्रश्न येतो. परिणाम एकच होतो. मुलगा पुन्हा ते वाक्य उच्चारीत नाही, आणि त्याला शहाणपण आले असे समजून घर निश्चिंत होते.

इस्लाम आत्महत्येला महापाप मानतो आणि सब्र हा श्रेष्ठ गुण मानतो. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे मनाने आजारी असलेल्या माणसाच्या वाट्याला नेमके काय येते, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. दिवाळीच्या अंकात असला विषय कशाला, असे कोणी विचारील. सणाच्या दिवसांत घर माणसांनी भरलेले असते, आणि ज्याला हसता येत नाही त्याला आपले एकटेपण त्याच दिवसांत अधिक टोचते. शिवाय आपला शेजारी दुःखाविषयी काय मानतो हे समजून घेण्याला निराळा मुहूर्त लागतो असे मला वाटत नाही.

प्रथम निषेधाची बाजू नीट मांडली पाहिजे. ती सौम्य करून सांगण्यात काही प्रामाणिकपणा नाही. आपल्याकडच्या परंपरांत स्वेच्छेने देह ठेवण्याच्या काही वाटा मान्य झालेल्या आहेत. प्रायोपवेशन आहे, जलसमाधी आहे, जैनांची सल्लेखना आहे. इस्लाममध्ये अशी वाट नाही. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात स्वतःला मारू नका अशी स्पष्ट आज्ञा आहे, आणि तिला लागूनच ईश्वर तुमच्याविषयी दयाळू आहे असेही म्हटलेले आहे. पैगंबरांची वचने म्हणजे हदीस. त्यांत ह्या कृत्याबद्दलची ताकीद अंगावर काटा आणणारी आहे. ज्या साधनाने माणूस स्वतःला मारतो त्याच साधनाची यातना तो नरकात भोगत राहील, असा तिचा आशय आहे. ह्यामागची कल्पना अशी की प्राण ही अमानत, म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव आहे. ठेव ज्याची त्याने न्यावी; सांभाळणाऱ्याने ती मोडून टाकू नये. दुःखाला कंटाळून मृत्यूची इच्छा करणेसुद्धा पैगंबरांनी नापसंत केले. मात्र अगदी राहवतच नसेल तर काय म्हणावे तेही त्यांनी सांगून ठेवले आहे: जगणे माझ्या हिताचे असेल तोवर मला जगव आणि मरण हिताचे असेल तेव्हा मरण दे, अशी प्रार्थना करावी. मरण हवेसे वाटणारा माणूस आपल्या अनुयायांतही असणार हे येथे गृहीत धरलेले आहे. त्याला गप्प बसवलेले नाही, बोलायला शब्द दिलेले आहेत.

आता ह्याच परंपरेतली दुसरी एक हकीकत. ती 'सहीह मुस्लिम' ह्या हदीसांच्या प्रमाणभूत संग्रहात आहे, म्हणजे आडवळणाच्या कुठल्या पोथीतली नव्हे. तुफैल इब्न अम्र नावाचे पैगंबरांचे एक सहकारी मदीनेला आले, तेव्हा त्यांच्या टोळीतला एक माणूसही त्यांच्याबरोबर घरदार सोडून आला. त्याला तेथली हवा मानवली नाही. तो आजारी पडला, दुखणे असह्य झाले आणि त्या अस्वस्थतेत त्याने आपल्याच हातांना इजा करून घेतली. त्यातच तो गेला. पुढे तुफैलना तो स्वप्नात दिसला. चेहरा, वेष सारे चांगले होते. फक्त हात झाकलेले होते. परमेश्वराने तुझे काय केले, असे तुफैलनी विचारले. तो म्हणाला की पैगंबरांकडे येण्यासाठी मी देश सोडला होता म्हणून मला क्षमा झाली. आणि हात का झाकलेस? तर तू जे स्वतः बिघडवलेस ते आम्ही दुरुस्त करणार नाही, असे मला सांगण्यात आले. तुफैलनी हे स्वप्न पैगंबरांना सांगितले. त्यांनी दुवा केली की हे प्रभो, त्याच्या हातांनाही क्षमा कर.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुष्कळ वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. हातांचा दोष तिच्यात नाकारलेला नाही. क्षमा झाली तरी हात झाकलेलेच राहिले. आणि तरीसुद्धा शेवटचा शब्द त्या दोषाचा नाही. तो ह्या जगात मागे राहिलेल्या एका माणसाने केलेल्या प्रार्थनेचा आहे. तेराव्या शतकातले थोर भाष्यकार इमाम नववी ह्यांनी ह्याच हदीसवरून असा निर्णय काढला की आत्महत्या करणारा माणूस त्या कृत्यामुळे धर्माबाहेर जात नाही आणि तो कायमचा नरकात पडलाच असेही म्हणता येत नाही. त्याचा निवाडा ईश्वराच्या इच्छेवर सोपवलेला आहे.

मग त्याच्या जनाज्याची नमाज पढावी की नाही? ह्यावर जुन्या धर्मशास्त्र्यांत मतभेद होते. एका हदीसनुसार अशा एका मृताची नमाज पढवण्याचे पैगंबरांनी स्वतः टाळले. त्यावरून उमर इब्न अब्दुल अजीज ह्या खलिफाने आणि औजाई ह्या शास्त्र्याने नमाज नाही असे मत दिले. अबू हनीफा, मालिक आणि शाफई ह्या तिन्ही इमामांच्या मते नमाज पढावी. अहमद इब्न हंबल म्हणाले की प्रमुख इमामाने पढवू नये, इतरांनी पढवावी. महाराष्ट्रातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत आणि कोकणी मुसलमान शाफई. म्हणजे आपल्या शेजारच्या मशिदीत ज्या मतांचा अंमल आहे त्या दोन्हींनुसार ही नमाज होते. तरीही प्रत्यक्ष प्रसंग येतो तेव्हा कुजबूज होतेच.

असा एक प्रसंग मी कोकणातल्या एका गावी पाहिला आहे. विशीतला मुलगा गेला होता. ओटीवर पुरुषमंडळी बसली होती आणि हळू आवाजात हाच प्रश्न चालला होता. एक वयस्क गृहस्थ म्हणाले की मौलानांनी मागे राहावे, दुसऱ्या कोणी तरी पढवावी, म्हणजे पोरांना धाक राहील. एवढ्यात मुलाची आई आतल्या दारापाशी आली. तिने पदर डोक्यावर घेतला होता आणि तिची नजर फक्त मौलानांवर होती.

"मौलानासाहेब, त्याची नमाज होईल ना?"

"होईल, भाभी. मीच पढवीन."

"लोक म्हणतात, त्याला माफी नाही."

"माफी लोकांच्या हातात नाही, भाभी. तुम्ही त्याच्यासाठी दुवा करा. आईची दुवा कोणी अडवू शकत नाही."

त्यांनी नमाज पढवली. पुढच्या शुक्रवारी मशिदीत त्याच मौलानांनी तरुण मुलांना उद्देशून ह्याच विषयावर प्रवचन केले, आणि ते अजिबात मऊ नव्हते असे मला ऐकणाऱ्यांनी सांगितले. जीव तुमच्या मालकीचा नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितले. शेवटी म्हणाले, "रात्री दोन वाजता वाटले तरी माझे दार वाजवा. झोपमोड झाली म्हणून मी रागावणार नाही." ज्यांना धाक राहावा असे वाटत होते ते गृहस्थ नंतर म्हणाले, आठवड्यापूर्वी मौलाना एक बोलले, आज दुसरेच बोलले.

मला वाटते ते एकच बोलले. ह्या विषयातला सारा घोटाळा येथेच आहे, म्हणून थोडे थांबून विचार करू. निषेधाचे वाक्य आणि क्षमेचे वाक्य ही एकाच माणसाला उद्देशून बोललेली वाक्ये नाहीत. निषेध जिवंत माणसासाठी आहे. ज्याचा हात अजून थांबू शकतो त्याच्यासाठी. तो विंगेतून आलेला "सबूर!" आहे, आणि तो जितका मोठ्याने येईल तितका बरा. परंतु माणूस गेल्यानंतर तोच निषेध त्याच्या आईला ऐकवला तर तो कोणाचा हात रोखतो? कोणाचाच नाही. तो फक्त एका दुःखी बाईच्या दुःखावर आणखी एक दगड ठेवतो. कृत्याच्या आधी सांगायचा नियम आणि कृत्यानंतर द्यायचा निवाडा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नियम सांगणे हे माणसाचे काम आहे; निवाडा देणे हे इस्लामच्या दृष्टीने माणसाचे काम नव्हेच. पैगंबरांनी एका मृताची नमाज स्वतः पढवली नाही आणि दुसऱ्याच्या हातांसाठी क्षमा मागितली. ह्यात विसंगती दिसते ती आपण ऐकणारा कोण हे विसरतो म्हणून.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. दयेची ही भाषा वाढत गेली तर निषेधाची भीती नाहीशी होणार नाही का? कित्येक माणसे त्या भीतीनेच थांबली असतील. असतीलही, एखादी व्यक्ती नरकाच्या भयाने का होईना पण त्या रात्री थांबली आणि सकाळ पाहिली, तर मी त्या भयाला नावे ठेवणार नाही. परंतु भय दोन कामे करते. ते हात रोखते आणि तोंडही बंद करते. ज्या घरात हा विचार मनात येणे हेच पाप मानले जाते तेथे माणूस तो विचार कोणाला सांगत नाही, आणि न सांगितलेल्या विचारावर कोणालाच इलाज करता येत नाही. घरात असे काही घडले तर बदनामीच्या धाकाने त्याला अपघात म्हटले जाते. म्हणून एखाद्या समाजातले कागदोपत्री दिसणारे आकडे किती खरे मानायचे हाही प्रश्न उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात ७ लाख २७ हजार माणसे आत्महत्येने गेली, आणि १५ ते २९ ह्या वयातल्या मृत्यूंच्या कारणांत ह्या कारणाचा क्रम तिसरा होता. एवढी माणसे केवळ भय कमी पडले म्हणून गेली असे कोण म्हणेल?

आता आजाराकडे वळू. शरीर आजारी पडते तसे मन आजारी पडते, हे इस्लामी परंपरेला ठाऊक नव्हते असे मानणे चुकीचे आहे. तिघांच्या बाबतीत कर्मांची नोंद करणारी लेखणी उचललेली असते, असे एक प्रसिद्ध हदीस आहे: झोपलेला मनुष्य जागा होईतो, मूल मोठे होईतो आणि ज्याचे भान गेले आहे तो भानावर येईतो. खलिफा उमर ह्यांच्यापुढे भान हरपलेल्या एका स्त्रीला शिक्षेसाठी आणले, तेव्हा अलींनी त्यांना ह्याच वचनाची आठवण दिली आणि तिला सोडून देण्यात आले. ज्याचे मन ताब्यात नाही त्याच्याकडून हिशेब मागता येत नाही, हे तत्त्व सातव्या शतकात न्यायासनासमोर मान्य झालेले दिसते.

पुढे दोन-अडीच शतकांनी अबू जैद अल-बल्खी नावाचा एक विद्वान होऊन गेला. तो आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख प्रांताचा, इ. स. ९३४ मध्ये वारला. भूगोलावरही त्याने लिहिले. शरीर आणि मन ह्या दोहोंच्या स्वास्थ्यावर त्याने एक ग्रंथ लिहिला. त्याचे हस्तलिखित इस्तंबूलच्या आयासोफ्या संग्रहात आहे. क्रोध, भय, दुःख आणि मनात वारंवार घुसणारे नकोसे विचार अशा चार गोष्टींचा तो त्यात विचार करतो. दुःखाचे त्याने दोन प्रकार केले. एका दुःखाचे कारण आपल्याला ठाऊक असते: कोणी गेले, काही गमावले. दुसरे दुःख कारणावाचून येते. ते शरीरातल्या बिघाडातून येते आणि त्यावर शरीराचेच औषध करावे लागते. त्याच्या काळच्या समजुतीनुसार तो बिघाड रक्तातला होता. ती समजूत आज टिकणार नाही, पण कारण नसलेले दुःख असू शकते आणि ते ईमानाच्या कच्चेपणाचे लक्षण नव्हे, हे त्याने ओळखले होते. त्याची आणखी एक सूचना मला फार घरगुती वाटते. घरात आपण अडीअडचणीला लागतील म्हणून औषधे आणून ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवावेत. वेळ आली म्हणजे ते शोधत बसण्याचे बळ माणसात नसते.

ह्या ज्ञानाला पुढे विटा-दगडांचे रूप मिळाले. दमास्कसला ११५४ साली नूरुद्दीनने रुग्णालय बांधले, कैरोला १२८४ साली सुलतान कलाऊनने, अलेप्पोला १३५४ साली अर्घूनने. तुर्कस्तानातल्या एदिर्ने येथे दुसऱ्या बायझीदने उभारलेले रुग्णालय १४८८ साली पुरे झाले. तेथे मनोरुग्णांसाठी कारंज्याचे पाणी वाहत असे आणि गवई-वादक संगीत ऐकवीत. आज त्या इमारतीत संग्रहालय आहे. अशा रुग्णालयांत साखळ्याही होत्या, हेही लगेच सांगितले पाहिजे. भूतकाळाला उगीच सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. परंतु मनाचा रोगी हा रुग्णालयात नेण्याचा माणूस आहे एवढे तरी त्या समाजांनी मान्य केले होते.

आणि ज्याच्या धर्मनिष्ठेबद्दल कोणी शंका घेणार नाही अशा माणसालाही हा आजार गाठू शकतो, ह्याचा दाखला म्हणजे स्वतः गझाली. बगदादच्या निझामिया विद्यापीठात सर्वांत मानाच्या आसनावर बसणारा हा आचार्य. १०९५ साली एके दिवशी तो शिकवायला बसला आणि तोंडातून शब्द फुटेना. अन्न घशाखाली उतरेना, उतरले तर पचेना. वैद्यांनी सांगितले की हे दुखणे अंतःकरणातून शरीरात उतरले आहे; आतली चिंता हलल्यावाचून औषध लागू पडायचे नाही. हे सगळे त्याने आपल्या आत्मकथनात स्वतःच लिहून ठेवले आहे, लपवलेले नाही. त्याने आसन सोडले आणि बगदादही सोडले. 'इह्या' हा त्याचा थोर ग्रंथ त्यानंतरच्या वर्षांतला, आणि त्यातले एक संपूर्ण प्रकरण सब्र आणि कृतज्ञता ह्यांवर आहे. सब्रवर इतके लिहिणारा माणूस पूर्वी स्वतः मोडून पडला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच ग्रंथात तो सांगतो की औषध घेतल्याने ईश्वरावरच्या भरवशाला बाध येत नाही. भूक लागली असता भाकरीकडे हात न नेणे ह्याला कोणी भरवसा म्हणत नाही.

मग सब्र म्हणजे तरी काय? ह्यासाठी मला तात्त्विक व्याख्यांपेक्षा कुराणातल्या तीन कथा अधिक उपयोगी वाटतात.

पहिली अय्यूबची. ख्रिस्ती आणि यहुदी लोक त्याला जॉब म्हणतात. त्याचे शरीर रोगाने पोखरले, घरची माणसे गेली. तो ईश्वराला हाक मारून सांगतो की मला पीडा झाली आहे. हे सरळ सरळ गाऱ्हाणे आहे. आणि तरीही कुराण त्याला सब्र राखणारा म्हणून गौरवते. म्हणजे गाऱ्हाणे आणि सब्र ह्यांचे वैर नाही.

दुसरी याकूबची. लाडका मुलगा यूसुफ हरवला तेव्हा आपण सुंदर सब्र राखू असे तो म्हणाला. परंतु पुढे तो इतका रडला की दुःखाने त्याचे डोळे पांढरे झाले. त्याचे इतर मुलगे त्याच्यावर वैतागतात. यूसुफची आठवण काढून काढून तुम्ही स्वतःला संपवून घेणार, असे त्याला बोलतात. प्रत्येक घरात असे मुलगे असतात. याकूब त्यांना उत्तर देतो की माझे दुःख मी ईश्वराला सांगतो आहे. आणि लगेच पुढे म्हणतो: जा, यूसुफचा शोध घ्या, निराश होऊ नका. रडणे, सांगणे आणि शोध घेणे ही तिन्ही त्याच्या सब्रमध्ये सामावलेली आहेत. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहिले. पाहणाऱ्याने आश्चर्य व्यक्त केले. त्यावर त्यांनी ते अश्रू म्हणजे दया आहे असे सांगितले.

तिसरी मरियमची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. येशूच्या जन्माच्या वेळी ती एकटी आहे, दूर निर्जन जागी. कळा असह्य होऊन ती खजुरीच्या बुंध्यापाशी येते. लोक काय म्हणतील ही धास्ती मनात आहेच. ती म्हणते की ह्याआधीच मी मेले असते आणि लोक मला विसरून गेले असते तर बरे झाले असते. जिला कुराणाने साऱ्या स्त्रियांत निवडलेली म्हटले तिच्या तोंडचे हे उद्गार आहेत. त्यावर तिला उत्तर काय मिळते? तुझे ईमान कच्चे आहे, असे कोणी म्हणत नाही. मृत्यूची इच्छा करू नये, असेही त्या क्षणी कोणी सांगत नाही. दुःख करू नकोस, असा खालून आवाज येतो. तुझ्या पायाशी झरा आहे, बुंधा हलव म्हणजे ताजा खजूर पडेल, खा, पी, डोळे निवव. आणि आज कोणाशी बोलायला नको, लोकांना उत्तरे द्यायला नकोत. अय्यूबच्या कथेतही त्याला जमिनीवर पाय आपट असे सांगितले जाते आणि थंड पाणी निघते, न्हायला आणि प्यायला. दोन्ही ठिकाणी पहिली मदत पाण्याची आहे. उपदेशाचा नंबर नंतर लागतो.

पैगंबरांची पत्नी आयेशा ह्यांच्याविषयी असे नोंदले आहे की घरात कोणी वारले तर त्या तल्बीना शिजवायला सांगत. तल्बीना म्हणजे सातूच्या पिठाची पातळ पेज. ती आजाऱ्याच्या जिवाला थंडावा देते आणि दुःख थोडे हलके करते, असे पैगंबरांनी सांगितल्याचे त्या सांगत. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारची बाई पिठल्याभाताचे पातेले घेऊन येते. ते ह्याच जातीचे शहाणपण आहे.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या व्यवहाराकडे पाहताना मन खिन्न होते. तमिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका मनोरुग्णगृहात ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली. आतली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. त्या साखळ्यांना कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार नव्हता. परंतु नुसता दर्ग्यांना दोष देऊन भागत नाही, कारण गोरगरीब तेथे जातात ते दुसरे कोणी जवळ करीत नाही म्हणून. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून निराळा प्रयोग झाला. त्याचे नावच 'दवा आणि दुआ'. मुजावर आणि डॉक्टर एकाच आवारात; नवसाला आलेल्या माणसाला मुजावरच डॉक्टरकडे पाठवतो. जुना मार्ग न मोडता नवा जोडला गेला. गझालीला हे पटले असते.

कायद्याची कथाही बोधक आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा करण्याचे कलम आपल्याकडे आले ते १८६० च्या दंडसंहितेतून, म्हणजे इंग्रजांकडून. इंग्लंडने स्वतः तो गुन्हा १९६१ साली रद्द केला. भारत आणि पाकिस्तान दोघांनी मात्र ते कलम जपून ठेवले. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिले नाही. पाकिस्ताननेही ते डिसेंबर २०२२ मध्ये रद्द केले. इस्लामी म्हणवणाऱ्या राज्याने हे केले तेव्हा पाप आणि गुन्हा ह्यांतला फरक त्याने मान्य केला, असा मी त्याचा अर्थ लावतो. पापाचा हिशेब ईश्वराकडे. पोलीस ठाण्यात नेण्याऐवजी त्या माणसाला रुग्णालयात न्यावे, एवढेच समाजाचे काम.

शेवटी सब्र कोणी करायचा हा प्रश्न उरतो. आपण तो नेहमी दुःखी माणसाकडून मागतो. मला वाटते त्याचा मोठा वाटा जवळच्यांनी उचलला पाहिजे. तेच तेच गाऱ्हाणे दहाव्यांदा ऐकून घ्यायला सब्र लागतो. "असे बोलू नकोस" हे ओठांवर आलेले वाक्य आवरायला सब्र लागतो, आणि आवरणे हाच तर त्या शब्दाचा धात्वर्थ आहे. औषध लागू पडायला काही आठवडे जातात, मध्येच रोगी ते टाकून देतो, पुन्हा सुरुवात करावी लागते. तेथेही तोच लागतो. "तुला मरावेसे वाटते का?" असे आपल्या माणसाला सरळ विचारायला तर फारच लागतो. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही भीती खरी नाही. विचारल्याने बहुधा मोकळे व्हायला वाट मिळते, असे डॉक्टर सांगतात. घरात कोणाशी बोलवत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्री कधीही फोन करता येतो. पलीकडचा माणूस मराठीतही बोलतो.

ह्या दिवसांत फराळाची ताटे घेऊन आपण घरोघर जाऊ. एखाद्या घरात सारे बाहेर बसलेले असतील आणि एक जण आतल्या खोलीत असेल. "त्याला बरे नाही," असे घरचे म्हणतील आणि विषय बदलतील. त्याच्यासाठीही एक बशी आत न्यावी, पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा आणि काही न विचारता थोडा वेळ तेथे बसावे. तो बोलला तर ऐकावे. नाही बोलला, तर उद्या पुन्हा यावे.